पहिली एअर रायफल आणि दुर्बीण: कागदावर नेम धरायचा तर काय घ्यावं?

माळरान
नमस्कार मंडळी. निव्वळ हौस म्हणून, कागदावर नेम धरायला पहिली रायफल घ्यायची आहे. शिकार नाही, स्पर्धेचाही तूर्त विचार नाही. नाशिकजवळ शेतावर २५ मीटर मोकळी जागा आहे, पलीकडे मातीचा उंच बांध. घरी पडवी धरून जेमतेम १० मीटर मिळतात. बजेट ३० हजार. रायफल, दुर्बीण, छर्रे, किडूकमिडूक सगळं त्यातच बसवायचं आहे.

दुकानदार म्हणतो, "घ्यायचीच तर १२०० एफपीएसवाली (सेकंदाला १२०० फूट वेगाची) घ्या, नाहीतर पस्तावाल." सोबत ४-१६ची, म्हणजे ४ ते १६ पट मोठं दाखवणारी दुर्बीण देतोय. .२२ घ्यावी की .१७७, हाही घोळ आहेच. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

कलमदान
.२२चा घोळ आधी मिटवू. शस्त्र नियम २०१६ लागू झाल्यापासून विनापरवाना एअर रायफलला दोन अटी आहेत. कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ४.५ मिमी, म्हणजे .१७७ इंचाच्या वर नको, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलच्या वर नको. दोन्हीपैकी एक जरी ओलांडली तरी परवाना लागतो. त्यामुळे .२२ची, म्हणजे ५.५ मिमीची एअर रायफल कितीही मवाळ असली तरी परवान्यात येते. नियम बदलण्याआधीच्या .२२ रायफली अजून लोकांच्या माळ्यावर पडून आहेत आणि "स्वस्तात देतो" म्हणून गळ्यात मारल्या जातात. त्या वाटेला जाऊ नका.

घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या, रायफलचा अनुक्रमांक घातलेलं पक्कं बिल घ्या, त्याची एक प्रत कव्हरच्या खिशात कायम ठेवा. नेताना रिकामी, कव्हरमध्ये, छर्रे वेगळ्या पिशवीत. उघडी रायफल खांद्याला लावून गावातून फिरलात तर कायदा तुमच्या बाजूने असला तरी दुपार चौकीत जाईल. आणि पक्षी, माकडं, भटकी कुत्री यांच्यावर चालवायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० यांना तुमच्या रायफलला परवाना लागतो की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही.

खटका
कलमदान यांनी २० ज्यूल सांगितले, आता त्या १२०० एफपीएसचा हिशेब करू.

ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वजन गुणिले वेगाचा वर्ग. ७ ग्रेनचा छर्रा ०.४५ ग्रॅमचा. १२०० एफपीएस म्हणजे सेकंदाला ३६६ मीटर. उत्तर येतं ३० ज्यूल. म्हणजे एकतर रायफल कायद्याच्या बाहेरची आहे, नाहीतर खोक्यावरचा आकडा खोटा आहे. बहुतेक वेळा दुसरं. शिसं सोडून हलक्या मिश्रधातूचा छर्रा वापरून मोजलेला, किंवा नुसताच छापलेला. ८.४ ग्रेनच्या नेहमीच्या छर्ऱ्याने २० ज्यूलची मर्यादा साधारण २७० मीटर प्रतिसेकंदाला, म्हणजे ८९० एफपीएसच्या आसपास संपते. यापेक्षा मोठा आकडा कुणी अभिमानाने सांगत असेल तर "कुठल्या वजनाच्या छर्ऱ्याने?" एवढंच विचारा.

आता कागदाला किती ताकद लागते? ऑलिंपिकमधल्या १० मीटरच्या रायफली सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने मारतात. ऊर्जा जेमतेम ८ ज्यूल. अभिनव बिंद्राचं बीजिंगचं २००८चं सुवर्ण याच जातीच्या रायफलवर आलं. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही, प्रत्येक छर्रा आधीच्यासारखाच सुटावा लागतो.

जादा ताकदीचे तोटे मात्र रोखीने भोगावे लागतात. या रायफलीत स्प्रिंग पिस्टनला ढकलते आणि पिस्टन हवा दाबतो. स्प्रिंग कडक, म्हणून नळी मोडून (सांध्यात वाकवून) कॉक करायला, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवायला, २० किलोच्या वर जोर. तिसाव्या छर्ऱ्याला दंड भरून येतो आणि एकतिसाव्याला नेम हलतो. पिस्टन जड, धक्का मोठा, दुर्बिणीचे आणि स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू सैल व्हायला सुरुवात. २५ मीटरसाठी १२ ते १६ ज्यूलची, मध्यम ताकदीची, शक्यतो ३ ते ३.५ किलोची रायफल घ्या. कॉकिंगचा जोर १५ किलोच्या आत असला तर दुपारभर चालवता येते.

दुकानात या गोष्टी हाताने तपासा:

नळी बंद करून तोंडाकडून डावी-उजवी हलवून बघा. सांध्यात खडखड जाणवली तर ती रायफल ठेवून द्या, कितीही सवलत असो. सांध्याच्या पिनेऐवजी घट्ट करता येणारा बोल्ट असेल तर उत्तम, कारण पुढे ढिलाई आली तर आवळता येतो.

नळीचं तोंड भिंगाखाली बघा. कडेला ओरखडा किंवा धातूची उठलेली कड (बर) असेल तर बाहेर पडताना छर्ऱ्याच्या मागची हवा एका बाजूने आधी निसटते आणि छर्रा ढकलला जातो. हा दोष कुठल्याही दुर्बिणीने भरून निघत नाही.

ट्रिगर दोन टप्प्यांचा हवा. पहिला टप्पा मोकळा, मग स्पष्ट अडथळा, मग सुटका. दीड ते दोन किलोला सुटत असेल तर शिकायला ठीक. पण हे तपासताना दुकानात रिकामी स्प्रिंग रायफल फायर करू नका, आणि करूही देऊ नका. छर्रा नसला की समोर हवेची उशी तयार होत नाही, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर जाऊन आदळतो. सील चिरतं, स्प्रिंग तुटते.

स्टॉकची लांबी: कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवा, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आलं पाहिजे. मोठ्या माणसाला साधारण ३४ ते ३६ सेंमी.

ओपनसाइट
खटका यांच्याशी सहमत, पण मूळ प्रश्नातलं एक गृहीतक कुणीच तपासलं नाही. पहिल्या दिवसापासून दुर्बीण हवीच कशाला?

१० मीटरला उघड्या साइटवर, म्हणजे रायफलवरच्या साध्या नेमखुणांवर, माणूस जे शिकतो ते दुर्बिणीवर शिकत नाही. पुढची साइट स्पष्ट, टार्गेट किंचित धूसर, ही डोळ्याची शिस्त तिथेच लागते. दुर्बिणीत नऊपट मोठी थरथर दिसते, मग नवखा माणूस क्रॉस (दुर्बिणीतली फुली) मधोमध आला रे आला की ट्रिगर हिसकतो. आयएसएसएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या १० मीटर प्रकारात दुर्बीण चालतच नाही, मागे डायऑप्टर म्हणजे बारीक भोकाची पीप साइट आणि पुढे गोल रिंग, एवढंच. आपल्याकडच्या स्पर्धांत नवख्यांसाठी ओपन साइटचे गट असतात. उद्या मन बदललं तर दुर्बिणीवर गेलेलं वर्ष पुन्हा गिरवावं लागेल. ३० हजारांतले दुर्बिणीचे वाचवा, छर्ऱ्यांवर घाला.

भिंगवाला
ओपनसाइट, मुद्दा रास्त, पण धागाकर्त्याने वय सांगितलेलं नाही. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्याला मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट यांचा मेळ बसत नाही. चष्मा लावला तर टार्गेट दिसतं, साइट पुसट. काढला तर उलट. दुर्बिणीत सगळं एकाच प्रतलात येतं. शिवाय रायफल आणि छर्रा किती ग्रुप देतात, म्हणजे एकाच नेमावरचे छर्रे किती जवळजवळ लागतात, हे कळायला दुर्बिणीसारखं साधन नाही. चूक आपली की सामानाची, हे नाहीतर महिनोन्‌महिने कळत नाही.

पण ४-१६ नको. कारणं सांगतो.

स्प्रिंग रायफलचा धक्का दोन्हीकडे बसतो. पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, पिस्टन थांबतो तेव्हा ती पुढे फेकली जाते. बारूदी रायफलच्या दुर्बिणी मागे येणारा धक्का सोसायला बांधलेल्या असतात, पुढचा झटका त्यांच्या भिंगांच्या रिंगा सैल करतो. स्वस्त ४-१६ जड असते, भिंगं जास्त, म्हणून ती आधी जाते. खोक्यावर एअर रायफल किंवा स्प्रिंग रायफलसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि तसं बिलावर लिहून घ्या.

दुसरं, पॅरॅलॅक्स. साध्या दुर्बिणी १०० यार्डांवर जुळवलेल्या असतात. १० मीटरला एकतर चित्र धूसर, आणि डोळा जरा बाजूला सरकला की क्रॉस टार्गेटवरून सरकतो. ४० मिमी भिंगाच्या अशा दुर्बिणीत १० मीटरला ही चूक जास्तीत जास्त १७-१८ मिमीपर्यंत जाऊ शकते. १० मीटर रायफलच्या टार्गेटचं अख्खं काळं वर्तुळ ३०.५ मिमीचं आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे बघा! म्हणून एओ, म्हणजे पुढच्या भिंगाची किंवा बाजूच्या चाकाची फोकस जुळणी असलेली दुर्बीण घ्या, आणि तिचा आकडा १० यार्डांपर्यंत खाली उतरतो का ते दुकानातच बघा. कित्येक ५० यार्डांवरच थांबतात.

३-९x४० एओ (३ ते ९ पट, पुढचं भिंग ४० मिमी), नळकांडं एक इंची, हे तुमच्या कामाला भरपूर. पक्कं ४x३२ एअर रायफल मॉडेल मिळालं तर तेही चालेल, हलकं आणि मोडायला कमी.

माळरान
वय ४६, त्यामुळे दुर्बीण घेतोच. ओपनसाइट, तुमचं पटलं म्हणून साइट असलेलीच रायफल बघतो, काही रायफलींवर साइटच नसतात असं दिसलं. दुर्बीण रायफलवर धरून ठेवणारं माउंट कुठलंही चालतं का? आणि बसवायची कशी? दुकानदार "बसवून देतो" म्हणतोय.

भिंगवाला
दुकानदार दोन मिनिटांत बसवून देईल आणि ती दोनशे छर्ऱ्यांत सरकेल. घरी बसवा, तासभर द्या.

बहुतेक एअर रायफलींवर ११ मिमीची डव्हटेल खाच असते, काहींवर २१ मिमीची विव्हर किंवा पिकाटिनी पट्टी. आधी मोजा, मग माउंट घ्या. स्प्रिंगवर एकसंध माउंट घ्या, दोन सुट्या रिंगा नको, आणि त्याला खालून स्टॉप पिन हवी. ही पिन रायफलच्या वरच्या छिद्रात बसते आणि माउंटला मागे सरकू देत नाही. छिद्र नसेल तर खाचेच्या शेवटी अडणारा वेगळा स्टॉप ब्लॉक मिळतो. नुसतं आवळून भागत नाही.

क्रम असा ठेवा.

१. खाच आणि माउंटचे जबडे स्पिरिटने पुसून कोरडे करा. तेलाचा अंश राहिला तर सगळी मेहनत वाया.

२. माउंट बसवा, स्टॉप पिन टेकवा, खालचे स्क्रू आवळा.

३. दुर्बीण रिंगांत सैल ठेवा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल नेहमीच्या जागी टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत दुर्बीण पुढे-मागे सरकवा. डोळ्यापासून ७५ ते १०० मिमी अंतर येतं. हे सगळं सर्वांत मोठ्या झूमवर करा, कारण तिथे ही जागा सर्वांत कमी असते.

४. पुढच्या भिंगाची कड आणि रायफल यांत २-३ मिमी फट पुरे. जितकी उंच दुर्बीण तितका गाल हवेत. मात्र नळी मोडताना ती भिंगाला लागत नाही ना, ते बघा.

५. दहा मीटरवर ओळंबा टांगा. रायफल सपाट धरून दुर्बिणीतली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीला जुळवा. रायफल कलती आणि रेघ सरळ, असं झालं तर १० मीटरला बरोबर आणि २५ला बाजूला जातं, आणि माणूस वाऱ्याला दोष देतो.

६. रिंगांचे स्क्रू कोपऱ्यातून कोपऱ्यात, पाव-पाव वळणाने आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर ॲलन-कीची आखूड बाजू हातात धरून दोन बोटांच्या जोराने. लांब दांडा धरून पिळलं तर नळकांड्याला वळ पडतो आणि आतला भाग अडकतो.

ब्रेक बॅरलमध्ये, म्हणजे नळी मोडून भरायच्या रायफलीत, अजून एक भानगड आहे. नळी सांध्यात किंचित खाली झुकलेली असते. छर्रे इतके खाली पडतात की दुर्बिणीच्या बटणाचे नेम वर घ्यायचे क्लिक संपतात. हिशेब बघा. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १० मीटरला ०.७३ मिमी सरकवतो. दुर्बीण नळीपेक्षा ४५ मिमी वर असते आणि १० मीटरपर्यंत छर्रा ८-९ मिमी पडतो, म्हणजे नळी अगदी सरळ असली तरी ५४ मिमी, म्हणजे ७४ क्लिक आधीच गेले. ६० एमओए एकूण फिरणाऱ्या दुर्बिणीत मधल्या जागेपासून वर १२०च क्लिक असतात. उरले ४६. नळी झुकलेली असेल तर तेही गेले. शिवाय शेवटच्या क्लिकांवर आतली स्प्रिंग सैल पडते आणि छर्रे मनाला येईल तिथे जातात. पुष्कळ लोक इथे रायफललाच नावं ठेवतात.

उपाय, मागच्या रिंगेखाली पट्टी. ०.१ मिमी जाडीची पट्टी आणि रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर १० मीटरला १० मिमी, म्हणजे जवळजवळ १४ क्लिक मिळतात. कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची फिल्म यासाठी उत्तम, किंचित जाड आणि मऊ. पण दोन थरांच्या वर नको, नळकांडं वाकतं. त्याहून जास्त लागत असेल तर उंची जुळवता येणारं माउंट घ्या.

शिसं
बजेटची फोड कुणी सांगितली नाही. ३० हजार रायफल आणि दुर्बिणीतच संपवाल तर सगळ्यात निर्णायक गोष्ट, म्हणजे छर्रे, उरलेल्या चिल्लरीत घ्याल. १८-१९ रायफलला, ६ दुर्बिणीला, दीड माउंटला, बाकी छर्रे, चष्मा आणि छर्रे अडवायची पेटी.

१० मीटरला चपट्या डोक्याचे वॉडकटर घ्या, कागदात गोल स्वच्छ भोक पडतं, गुण मोजता येतात. २५ मीटरला गोल डोक्याचे. चपटा छर्रा लांबवर हवेत डळमळायला लागतो. टोकदार छर्रे विसरा, टोक मधोमध बनवणं कठीण, म्हणून ते बाजूला खेचतात. आणि छर्ऱ्यांऐवजी लोखंडी गोळ्या किंवा शेपटीवाले डार्ट आटे (आतल्या पिळाच्या खाचा) असलेल्या नळीत कधीच घालू नका. आटे खरवडले की नळी गेली.

जेएसबी, एच अँड एन, आरडब्ल्यूएस यांचे डबे सहसा ५०० नगांचे येतात. डोक्याचा व्यास डब्यावर लिहिलेला असतो, ४.४९ ते ४.५२ मिमी. प्रत्येक नळीची आवड वेगळी. भारतीय छर्ऱ्यांसह तीन-चार प्रकार आणा, प्रत्येकाचे पाच-पाचचे पाच ग्रुप टेकवून मारा. प्रकार बदलला की पहिले दहा छर्रे मोजू नका, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. जो जिंकेल त्याचे एकाच लॉटचे डबे घ्या.

स्वस्त डब्यात मागचा घेर, म्हणजे स्कर्ट, चेमटलेला असतो. पांढऱ्या कागदावर ओतून वाकडे बाजूला काढा. सोनाराच्या बारीक काट्यावर वजन केलंत तर अर्ध्या ग्रेनचा फरक सहज सापडतो. वजनाने लावून तीन ढीग करा, मधला ढीग कागदासाठी, बाकीचे सरावाला.

पंपवाला
कुणी पीसीपीचं, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीचं, नाव काढलं नाही म्हणून विचारतो. ना धक्का, ना धरण्याची किरकिर. नवख्याला तेच सोपं नाही का?

खटका
चालवायला सोपं, सांभाळायला नाही. २०० बारची हवा भरायला हातपंप हवा किंवा सिलिंडर, आणि ३० हजारांत रायफल, पंप आणि बरी दुर्बीण बसणं कठीण. हातपंपाने पावसाळ्यात दमट हवा आत जाते, पाणी जमून व्हॉल्व्ह गंजतो. पंपाला ओलावा शोषणारी नळी लावा, आणि थोडं पंपून थांबा, पंप तापला की सील जातं. पीसीपीच्या हवेच्या वाटेवर खनिज तेल किंवा साधं ग्रीस कदापि नको, दाबाखाली पेट घेतं. फक्त सिलिकॉन ग्रीस. सिलिंडरवर मुदत कोरलेली असते, मॅच रायफलींच्या ॲल्युमिनिअम सिलिंडरना सहसा १० वर्षं. जुनी पीसीपी घेणाऱ्याने आधी ती तारीख वाचावी.

पुढेमागे स्पर्धेचा किडा चावला तर फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, स्टायर, आन्शुट्झ या रायफली पीसीपीच असतात, पण तिथे बजेटला अजून एक शून्य लावा.

रेंजवरची
सगळं झालं, पण छर्रा कुठे थांबतो हे कुणी विचारलं का?

मातीचा बांध चांगला, पण वरचे दगड-गोटे वेचून काढा. छर्रा दगडावरून कुठल्याही दिशेला उडतो. पडवीत भिंतीवर नुसता पुठ्ठा टांगून मारू नका. फळीवरून, टायरवरून आणि सरळ उभ्या पत्र्यावरून छर्रा तोंडावर परत येतो. लाकडी पेटीत आत २-३ मिमीचा पोलादी पत्रा ४५ अंशांत, वरची कड तुमच्याकडे झुकलेली, म्हणजे छर्रा खाली जातो. तळाला वाळूचा थर. पत्रा नको असेल तर पेटीत जुनी वर्तमानपत्रं आणि चिंध्या ३० सेंमी खोल गच्च भरा, आणि एकाच जागी मारून बोगदा पडतो म्हणून दर आठवड्याला आतलं हलवा.

चुकलेला छर्रा अडीच-तीनशे मीटर जाऊ शकतो. म्हणून बांधाच्या पलीकडे पायवाट, गोठा, विहीर काय आहे ते आधी चालत जाऊन बघा. गच्चीवरून तर नकोच. डोळ्यांना चष्मा, मारणाऱ्याला आणि बघणाऱ्यालाही. शिशाची पूड हाताला लागते, हात धुतल्याशिवाय चहा नाही, आणि छर्रे ओठांत धरायची सवय असेल तर ती आजच सोडा.

छर्रा भरताना मोडलेली नळी एका हाताने घट्ट धरूनच ठेवायची. ट्रिगरचा अडथळा झिजलेला असेल तर नळी सपकन बंद होते, आणि बोट मध्ये असतं.

माळरान
ताई, कलमदान, सगळ्यांचे आभार. १४ ज्यूलची ब्रेक बॅरल, ३-९x४० एओ आणि स्टॉप पिनचं एकसंध माउंट घेतलं. पत्र्याची पेटी केली. आता अडचणी सांगतो. सुरुवातीचे पाच-पंचवीस छर्रे फटाक्यासारखे वाजले, थोडा धूर आला. मग शांत झाली. १० मीटरला वाळूच्या पिशवीवर टेकवून ग्रुप ३० मिमीचा, उभा लांबट. आज त्याच झिरोवर, म्हणजे दुर्बिणीच्या त्याच जुळणीवर, सगळे १५ मिमी उजवीकडे. दुर्बीण सरकली का?

खटका
एकेक घेऊ.

धूर म्हणजे कारखान्यातलं जास्तीचं तेल पिस्टनपुढे पेटतंय. नव्या रायफलीत थोडं होतंच. शंभर-दोनशे छर्ऱ्यांत थांबलं पाहिजे. मधल्या काळात वेग कमी-जास्त होतो, म्हणून ग्रुप मोजायची घाई नको. नळीच्या मागच्या छिद्रात कुणाच्याही सांगण्यावरून शिलाई मशिनचं तेल सोडू नका, तोच स्फोट कायमचा चालू होईल आणि सील जळेल.

उभा लांबट ग्रुप बहुधा धरण्यातून येतो. छर्रा नळीत असतानाच स्प्रिंग रायफल मागे-पुढे नाचते. दर वेळी सारखी नाचू दिली तर सारखं लागतं. स्टॉक थेट पिशवीवर टेकवू नका. पिशवीवर उघडा तळहात, तळहातावर स्टॉक, बोटं न मिटता. खांद्याला जेमतेम टेकलेली, गाल हलका. तळहाताची जागा ट्रिगर गार्डच्या पुढे दोन बोटं असू दे की अर्ध्यावर, पण खडूने खूण करा आणि दर वेळी तिथेच. ट्रिगर सुटल्यावर एक सेकंद क्रॉस बघत राहा, डोकं उचलू नका.

१५ मिमी उजवीकडे गेलं त्यासाठी दुर्बिणीला हात लावण्याआधी स्टॉकचे स्क्रू बघा. पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचे. नव्या रायफलीत ते पहिल्या शंभर छर्ऱ्यांतच सैल होतात. काढून, पुसून, निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या डिंकाचा) एक थेंब लावून बसवा. लाल लावाल तर पुन्हा निघणार नाहीत. मग सांध्याचा बोल्ट. मग माउंट. सरकलं की नाही कळण्यासाठी माउंटच्या मागे खाचेवर आणि रिंगेपाशी नळकांड्यावर पांढऱ्या पेन्सिलची रेघ मारून ठेवा. रेघ जागेवर असेल तर शेवटी दुर्बिणीवर संशय घ्या. तपासायला एका ठिपक्यावर पाच मारा, २० क्लिक उजवीकडे, पाच मारा, २० वर, पाच, २० डावीकडे, पाच, २० खाली, पाच. शेवटचे पाच पहिल्या पाचांवर आले तर दुर्बीण ठणठणीत. नाही आले तर हमीचं कार्ड काढा.

ओपनसाइट
शिवाय दुर्बीण काढून उघड्या साइटवर दोन ग्रुप मारून बघा. तिथेही उजवीकडे गेलं तर दुर्बीण निर्दोष. साइट असलेली रायफल घ्या म्हटलं होतं ते यासाठीही. :)

तिरफळ
अवांतर, पण रायफल घेतलीत पावसाळ्याच्या तोंडावर. कोकणात नि घाटावरही जून-जुलैत रायफल फोमच्या कव्हरमध्ये ठेवली की पंधरा दिवसांत नळीवर तांबूस ठिपके. फोम ओलावा धरतो. मारून झाल्यावर हाताचा घाम लागलेला प्रत्येक भाग तेलाच्या फडक्याने पुसा, तेल दिसता कामा नये इतकं कमी. कपाटात उभी न ठेवता तोंड किंचित खाली, म्हणजे तेल पिस्टनकडे उतरत नाही. सिलिका जेलच्या पिशव्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर शेकून परत निळ्या करा. कॉक करून ठेवायची नाही, स्प्रिंग बसते. नळी आतून मात्र उठसूट साफ करू नका. ग्रुप फाटायला लागला तरच, मागून तोंडाकडे, दोरीला कापडाची चिंधी ओढून. लोखंडी गज तोंडाकडून घातलात तर खटका यांनी भिंगाखाली बघायला लावलेली कड तुम्हीच खराब कराल.

माळरान
पुढचे दोन्ही स्टॉक स्क्रू अर्धा वळसा सैल निघाले. थ्रेडलॉक लावून, तळहातावर धरून आता १० मीटरला ग्रुप १३-१४ मिमी. क्लिकांची परीक्षाही पास. शेवटचा प्रश्न. झिरो १० मीटरला ठेवू की २५ला? दर वेळी क्लिक मोजत बसायचं नाही.

भिंगवाला
२५ला. १० मीटरला झिरो केलंत तर छर्रा खालून वर जात दुर्बिणीची रेघ कापून बराच वर निघतो आणि २५ला चांगलाच वरच लागतो. शिवाय वर सांगितलेले क्लिक जास्त खर्च होतात.

तुमच्या १४ ज्यूलला ८.४ ग्रेनचा छर्रा सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास सुटत असेल. सेकंदाला २४० मीटर आणि ४५ मिमी उंचीची दुर्बीण धरून हिशेब असा येतो: २५ला मध्यात, १८लाही जवळजवळ मध्यात, १० मीटरला साधारण १२ मिमी खाली, ३५ला अडीच सेंमी खाली. तुमचे आकडे थोडे सरकतील. वेग कमी तर ३५ला थोडं जास्त खाली, १०ला उलट थोडं कमी. म्हणून एक पुठ्ठा घ्या, ५-५ मीटरवर ५-५ छर्रे मारा, मध्यापासून किती खाली-वर ते मिलिमीटरमध्ये लिहा आणि कागद दुर्बिणीच्या झाकणाच्या आत चिकटवा. १० मीटरला मग क्लिक न फिरवता १२ मिमी वर धरायचं, टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या वरच्या कडेच्या जरा खाली. झूम मात्र दोन्हीकडे एकच ठेवा, ६x. आणि अंतर बदललं की एओची रिंग फिरवायला विसरू नका. १० मीटरला २५चा फोकस राहिला तर पॅरॅलॅक्स परत आलाच.

शिसं
आणि छर्ऱ्याचा डबा बदललात तर तो कागद फाडून नवा करा.